पाय खाली टेकवू नकोस

प्रिय डार्सी,

रविवारपासून फोन लावून लावून माझी बोटं दुखायला लागली आणि तू काही उचलत नाहीस. बस रुसून. पण मला चैन नाही रे. जरा डोळा लागला की गाडी घरंगळताना दिसते आणि तुझा पाय खाली येताना दिसतो. म्हणून सगळी कामं टाकून लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, वेल्डिंग करताना अंगठा भाजलाय.

आधी तुझ्या तीनचाकी गाडीचं सांगते, कारण तू आधी तेच शोधशील. मागच्या दोन चाकांचा आस पुन्हा तपासला, जोड पक्के आहेत. डाव्या पायाने गिअर टाकायची भानगड संपली. मुठीजवळची दोन बटणं आता अडकत नाहीत, अंगठ्याने दाबायची, बस्स. मागचा ब्रेक मी हातावर आणला तेव्हा केवढा भडकला होतास! म्हणे, "ताई, डावा गेलाय, उजवा आहे ना अजून? तो काय शोभेला ठेवलाय?" आहे रे बाबा, आहे, आणि तो राहावा म्हणूनच माझा जीव टांगणीला लागलाय. त्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, उकळतं पाणी कळत नाही, मग ब्रेकवर किती जोर पडला हे काय कळणार? साखरेने त्याची जाणीवच खाऊन टाकलीय. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या-माझ्या तोंडावर सांगितलंय, या पायाला साधा फोड आला तरी त्याच दिवशी यायचं.

आईचं आठवतं ना? आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, आणि वर्ष उलटायच्या आत दुसरा पाय. मग व्हरांड्यात बसून ती ऊस वाहून नेणाऱ्या आगगाड्या बघत राहायची. तिला हसवायला तू बाबांची मोटरसायकल काढायचास आणि सीटवर उभा राहून उसाच्या कडेने जायचास. "उतर मेल्या, मान मोडशील!" म्हणून ओरडायची आणि ॲप्रनने डोळे पुसेपर्यंत हसायची. तुला गाडी का हवी हे मला कुणी समजावून सांगायला नको. सीटची मापं घ्यायला आले त्या दिवशी तू शीळ घालत होतास. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घरात शीळ ऐकली, असं नेरिडा म्हणाली, आणि तुझी बायको सहजासहजी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यातली नाही.

पण सवय वाईट असते रे. दोन चाकांवर जन्म गेला तुझा. गाडी थांबली की पाय खाली, हे तुझ्या हाडात बसलंय. तीन चाकांची गाडी आपली आपण उभी राहते, पायाची गरजच नाही, उलट पायाच्या मागेच चाक येतं. म्हणून तर उजव्या बाजूला मी पत्र्याचा कठडा लावला होता. तुला त्याचीही लाज! "मी काय खुराड्यातली कोंबडी आहे?" म्हणालास आणि रविवारी मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात पाना घेऊन कठडा काढून ठेवलास. बाहेर येते तर स्वारी अंगणात फेऱ्या मारतेय आणि शेजारची बेव्हर्ली कुंपणावरून टाळ्या पिटतेय. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. लहानपणीचा डार्सी दिसला मला.

मग शेडसमोर वेग कमी केलास आणि पाय खाली टाकलास. गाडी गचकन थांबली. तू मागे वळून माझ्यावरच खेकसलास, "ताई, चाकाखाली वीट आलीय बघ! अंगणात काय काय टाकून ठेवतेस गं?" डार्सी, वीट नव्हती रे. तुझाच पाय होता. चाक बुटावर चढून बसलं होतं आणि तू मला विटेबद्दल झापत होतास.

बूट काढला तर टाचेची साल निघालेली, मोजा रक्ताने चिकटलेला, आणि तू म्हणतोस, "दुखत तर नाहीये!" अरे, दुखत नाही हेच तर दुखणं आहे. नेरिडा चर्चला गेली होती म्हणून गुपचूप मित्राच्या गाडीतून आला होतास. जाताना माझा हात धरून वदवून घेतलंस, नेरिडापुढे चकार शब्द काढायचा नाही. तिला कळलं तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तू संपलास. मीही सांगितलं, सोमवारी दवाखान्यात जाणार असशील तरच. हो म्हणालास. सोमवार गेला.

आज नेरिडा बाजाराला आली होती, ती इकडे डोकावलीय. चहा पिताना हसत हसत सांगत होती, "स्वारी घरातसुद्धा बूट काढत नाही हो! झोपताना मोजा घालून झोपतो. गाडी मिळायच्या आधीच अंगात आलंय." मी कपात तोंड घालून बसले. आत्ता ती मागच्या झाडाची लिंबं तोडतेय, तुझ्यासाठीच. तुला दिलेला शब्द मी पाळलाय, तिच्यापुढे अवाक्षर काढलेलं नाही. पण हे पत्र तिच्याच हातात देतेय आणि पाकीट चिकटवलेलं नाही. तिला सांगणार आहे, गाडीत बसलीस की आधी हे वाच, मग किल्ली फिरव. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा दवाखान्यात असशील. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, तिला एक घालू नकोस. आणि नेरिडा, तू इथवर आली असशील तर रडत बसू नकोस गं, नीट चालव, पण थांबू नकोस कुठे.

तुझीच,
शब्दाला जागलेली आणि तरी चुगली केलेली ताई,
जॉईस