जोडीतली एक बॅटरी

कोशॉक्टन, ओहायो
२ मार्च

प्रिय नडीन,

तू बरी असशील, एरीच्या तळ्यावरचा वारा अजून कान कापत असेल आणि तुझा गुडघा तुला जिना चढताना शिव्या द्यायला लावत असेल, असं धरून चालते. तुझं पत्र हॅस्किन्सबाईंनी काल दुकानात आणून दिलं, पावाच्या पिशवीत घालून. आमचं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर शाळेची बस चालवली आणि आता सत्तरीत टपालाचं काम असं करतात, जणू सरकारी गुपितच पोचवताहेत. पुढचं पत्रही त्यांच्याच पत्त्यावर पाठव. फोन नको. का ते तुला माहीत आहे.

तर तू सिगारेट सोडलीस! आई असती तर उरलेलं पाकीट तिनेच कचऱ्यात फेकलं असतं, आणि मग तू वळल्यावर हळूच त्यातली एक काढून घेतली असती. मला मनापासून आनंद झाला.

पण कामावरच्या कुणाचा तरी जुना व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, उचलून आणलास, हे काही बरं केलं नाहीस. दोन बॅटऱ्यांचं यंत्र नवशिक्यासाठी नसतंच मुळी. आता आणलंच आहेस तर नीट ऐक. मी रॉइसची, म्हणजे व्हेपच्या दुकानदाराची, बायको आहे, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

आधी बॅटऱ्या बाहेर काढून उजेडात धर. अंगावरचं प्लॅस्टिकचं वेष्टण जरा जरी फाटलेलं दिसलं किंवा कुठे चेपल्यासारखं वाटलं, तर बाद. तशाच कचऱ्यात टाकू नकोस, बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात नेऊन दे. नव्या दोन घे, एकाच वेळी, एकाच जातीच्या, आणि दोघींवर पेनाने सारखी खूण कर. आमच्या धंद्यात याला बॅटऱ्यांचं लग्न लावणं म्हणतात. पुढे त्या दोघींनी एकत्रच चालायचं आणि एकत्रच चार्ज व्हायचं. एक जुनी आणि एक नवी घातलीस तर सगळा ताण थकलेलीवर येतो आणि ती तापते. चार्जर टेबलावर ठेव, गादीवर नाही, आणि तो लावून झोपी जाऊ नकोस. पर्समध्ये टाकण्याआधी यंत्राचं बटण पाच वेळा भराभर दाबून ते बंद कर.

आणि सुटी बॅटरी खिशात टाकायची नाही. कधीच नाही. किल्ली, चिल्लर, काहीही धातूचं तिला टेकलं की आग लागायला वेळ लागत नाही. सोबत प्लॅस्टिकच्या दोन डब्या पाठवते आहे, त्यातच ठेवत जा.

रॉइसचं तुला ठाऊकच आहे. नोव्हेंबरात त्याच्या खिशात हेच झालं. दर शनिवारी नवशिक्यांना फुकट वर्ग घेऊन हेच पढवणारा माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मांडीवर लावलेली कातडी आता धरली आहे, काठी घेऊन चालतो. मलमपट्टी मीच करते. लोक अजून मॅकरोनीचे ट्रे आणून देतात आणि म्हणतात, "डार्ला, तू म्हणजे देवमाणूस आहेस गं." मी ट्रे फ्रीजमध्ये ठेवते.

तू विचारतेस, कधी येतेस? एवढ्यात जमेलसं दिसत नाही. दुकान आहे, त्याचा पाय आहे. बघू.

इकडे बाकी सगळं ठीक.

तुझी,
डार्ला


कोशॉक्टन
२० मार्च

प्रिय नडीन,

तुझी चिठ्ठी मिळाली. "दोन पानं बॅटऱ्यांवर, आणि स्वतःबद्दल 'बाकी सगळं ठीक'? नोव्हेंबरात मी इथल्या थांब्यावर शेवटची बस रिकामी होईपर्यंत उभी होते, डार्ला." एवढंच. ना 'प्रिय', ना 'तुझी'. वाचून राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तो दुसरा राग तुझ्यावरचा नव्हता.

सांगते.

मी तुला कळवलं होतं की रॉइसला अपघात झाला, म्हणून निघता आलं नाही. अपघात कुठे झाला ते कळवलं नव्हतं. तो बसथांब्यावर झाला, माझ्या डोळ्यांसमोर.

पेट्रोलपंपाशेजारी बस थांबते, तिथे मी बॅग घेऊन उभी होते. दुकानातल्या कॅमेऱ्यातून मी जरा दिसेनाशी झाले की त्याला घरबसल्या फोनवर कळतं. मग त्याने कपाट बघितलं असणार. चार्जरवरच्या दोन बॅटऱ्या उचलून तशाच खिशात कोंबल्या आणि आला. ट्रक माझ्या अंगाशी आणून लावला, किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच खिशात टाकला आणि खाली उतरला. म्हणाला, "बस गाडीत."

आवाज चढवला नाही. आजवर कधीच चढवलेला नाही, हात उगारणं तर दूरच. म्हणून तर कुणाला काही सांगता येत नाही. ट्रकची किल्ली त्याच्याजवळ, माझा फोन त्याच्या हातात, गिऱ्हाइकाशी मी कशावरून हसले ते जेवताना विचारणार, तेही अगदी गोड आवाजात, "सहज विचारतोय गं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्की कुणाला दिसतसुद्धा नाही.

"बस गाडीत," तो पुन्हा म्हणाला. आणि नडीन, मी खरंच बॅग उचलली आणि ट्रककडे वळले.

तेवढ्यात त्याच्या खिशात फाडकन आवाज झाला आणि जीन्समधून आगीचा झोत निघाला. मीच त्याला खाली पाडलं, पट्टा सोडून जीन्स ओढून काढली, आणि अंगातला कोट काढून पेटलेली मांडी दाबून धरली. कोट जळाला. बस आली, चालकाने रुग्णवाहिका बोलावली, आणि थोड्या वेळाने बस निघून गेली.

हे झालं खरं. आता रॉइसचं ऐक. या महिन्यापासून तो शनिवारचा वर्ग पुन्हा घेतो. एवढ्या थंडीत हाफ पँट घालतो, मांडी दाखवायला. आधी खूण केलेली बॅटऱ्यांची जोडी हातात धरून म्हणतो, "या दोघी म्हणजे मी आणि डार्ला. एक गेली की दुसरीचा उपयोग शून्य." मग मांडीवरचे डाग, आणि मग गोष्ट. "माझी बायको दोन दिवस बहिणीकडे निघाली होती. वेडाबाई कोट घरीच विसरली! मी म्हटलं, गारठून जाईल. कोट द्यायला धावलो आणि घाईत बॅटऱ्या खिशात टाकल्या." मग काठी माझ्याकडे रोखतो. "आणि ती? तिने बस सोडून दिली. परत आली."

सगळी डोकी माझ्याकडे वळतात. पहिल्याच शनिवारी एका मुलीने टाळ्या वाजवल्या. मी काउंटरमागे उभी राहून हसले. करणार काय? खरं सांगावं तर भाजलेल्या नवऱ्यावर उलटलेली बाई ठरते, आणि गप्प बसावं तर दर शनिवारी मी परत येते. त्याने मला तेव्हा हातसुद्धा लावला नव्हता गं, मी आपण होऊन वळले होते. तेच आठवून मी सगळा हिवाळा खाली मान घालून काढला.

गेल्या शनिवारी हॅस्किन्सबाई वर्गाला येऊन बसल्या. जोडीचं ते वाक्य झालं आणि त्यांनी हात वर केला.

"काय रे रॉइस, जोडीतली एक गेली, पण दुसरी धडधाकट आहे. मग ती एका बॅटरीच्या यंत्रात चालते की नाही?"

"चालते, पण—"

"पण काय त्यात? माझा हॅरल्ड जाऊन अकरा वर्षं झाली. मी चालतेय की!"

केवढा हशा झाला! रॉइस हसला नाही. कॅमेऱ्यातून बघत असेल तसाच माझ्याकडे बघत राहिला. आणि मला जाणवलं, की सगळ्यांबरोबर मीही हसत होते, खरंखुरं.

जाताना बाई अंगातला निळा कोट माझ्या काउंटरवर "विसरून" गेल्या. तो अजून काउंटरखालीच ठेवला आहे.

तर आता तुझ्याकडे मागणं आहे. शनिवारी, २८ तारखेला, गाडी घेऊन ये. मला चोरून निघायचं नाही. चोरून गेले तर तो पुन्हा मागे येईल, आणि चार माणसांसमोर मात्र त्याला "बस गाडीत" म्हणता येत नाही. वर्ग अकराला सुरू होतो. दुकानाला समोरून सगळी काचच आहे, तू रस्त्यापलीकडे गाडी चालू ठेवून थांब. आधी जोडी होईल, मग मांडी, मग कोट. आतली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळलेली दिसली, की हॉर्न वाजव.

त्याच्या मलमपट्टीचं सामान आणि बॅटऱ्यांच्या डब्या मी काउंटरवर मांडून ठेवणार आहे. तो पुन्हा भाजावा असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मला भीती वाटते, नडीन. त्याची नाही, माझ्या पायांची. त्या दिवशी वळले, तसे ते पुन्हा त्याच्याकडे वळतील. म्हणून एकदाच वाजवून थांबू नकोस. लोक शिव्या देतील, देऊ देत. मी दाराबाहेर येईपर्यंत वाजवत राहा.

शनिवारी तो कोट घालून उभी असणारी,
तुझी डार्ला