डाव्या बाजूचा कान

१४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बारा दिवसांनी पोचलं. पाकिटावर तेलकट अंगठा उमटला होता, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव वाचायची गरजच पडली नाही. बाबा म्हणतात, आत्याला एकदाचं मेसेज करायला शिकव. मी त्यांना सांगितलं की बावीस वर्षं मशीनवर काम करून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, फोन तिला ओळखतच नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

माझं इथे बस्तान बसलं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. टेबल खिडकीशी आहे आणि खुर्ची अशी नाठाळ की मागे टेकलं तर पुढे ढकलते. गावच्या कॉलेजात दोन वर्षं आणि इथे दोन वर्षं असा करार दोन्ही कॉलेजांनी केला नसता, तर मी काही इंजिनिअर होत नव्हते. चारही वर्षं परदेशात म्हटल्यावर बाबांनी विषयच बंद केला असता. पहिले आठ दिवस वाटलं, आपण इथे गावंढळ ठरणार. मग वर्कशॉपचा तास आला. इथल्या हुशार मुलांना कानस धड धरता येत नाही गं! मी घासायला लागले तशी सगळी भोवती जमली. सुट्टीत तू माझ्याकडून लोखंड घासून घ्यायचीस तेव्हा मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आता परत घेते.

आता मुख्य बातमी. दोन्ही कॉलेजांनी मिळून एक हातपंप बनवायचा आहे. ड्रॉइंग इथे काढायचं, लोखंडी भाग तुमच्या वर्कशॉपमध्ये बनवायचे (आपल्या कॉलेजात मशीन आहेत कुठे?) आणि जोडणी पुन्हा इथे. दोन्हीकडचं कळणारी म्हणून ड्रॉइंग तपासायचं काम प्राध्यापक बाईंनी माझ्यावर सोपवलं आहे. प्रत्येक कागदाखाली ‘तपासले’ असं लिहून सही करायची. काल एका बैठकीत अकरा कागदांवर सह्या ठोकल्या, अगदी साहेबासारखं वाटलं. काम नीट झालं तर पुढच्या सहामाहीत लॅबमध्ये मदतनीसाची जागा मिळेल. ती मला हवीच आहे.

रागवायचं काही राहिलं असेल तर पुढच्या पत्रात रागव, पण लोभात कपात करू नकोस.

तुझी
भिंगरी


१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालाने न पाठवता पंपाचा दांडा धरणाऱ्या ब्रॅकेटांच्या पेटीत, वरच्या पेंढ्यात ठेवते आहे. पेटी तूच उघडशील, म्हणजे माझी बातमी आधी तुला कळेल.

दादा ठणठणीत आहे. लेकीच्या खोलीत त्याने स्वतःची आरामखुर्ची नेऊन टाकली आहे आणि वर म्हणतो की खोलीला हवा लागावी म्हणून बसतो. मालकांनी नवं मिलिंग मशीन घेतलं. अजून नव्या सुनेसारखं आहे, सगळे त्याच्याशी जपून बोलतात.

आता ऐक, आणि आधी बसून घे. तुमच्या त्या करारात तीन जागा आमच्यासारख्यांसाठी आहेत. मशीनवर दहा वर्षं काम केलेलं असावं, वयाची अट नाही, वर्ग संध्याकाळचे. मी अर्ज भरला. डिसेंबरात लेखी परीक्षाही दिली आणि पास झाले. दादाला मी ज्यादा पाळी आहे असं सांगून गेले होते. मालकांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा मी बारावीला होते. सगळ्यात जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज एका दिवसाच्या प्रवासावर होतं, आणि घरात कोणीतरी कमावणं भाग होतं. त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही, आताही गात नाही. पण फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं आणि ते तीनदा वाचून पाहिलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

आता राहिलं प्रात्यक्षिक. ते म्हणजे या पेटीतले आठ ब्रॅकेट. मीच बनवले आहेत. पेटीवर माझं नाव नाही, फक्त परीक्षेचा नंबर आहे. तुमच्या प्राध्यापक बाई ते तपासून गुण देणार. कागदावर तुझी सही पाहिली आणि छाती फुगली. आत्याची परीक्षा आणि भाचीचं ड्रॉइंग, असं किती जणींच्या नशिबी येतं?

बाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. लागायचा तो निकाल लागू दे.

जेवण वेळेवर घे, आणि आठवण येत असेल तर तेवढी कळव.

तुझी
आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज एक गडबड झाली. तुझ्या कानावर बाहेरून यायच्या आत मीच सांगते.

ब्रॅकेट आले. पेटी इथल्या भांडारातच उघडली आणि नुसते ब्रॅकेट लॅबमध्ये आणून दिले. जोडायला घेतले तर काय, प्रत्येकाचा कान उलट्या बाजूला! ज्याला पंपाचा दांडा अडकतो तो कान उजवीकडे हवा, तो डावीकडे. आठच्या आठ ब्रॅकेट असे, जणू आरशात पाहून बनवले आहेत. दांडा खाली दाबला की थेट पंपाच्या अंगावर आदळतो. सगळी मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. हे कसं झालं ते संध्याकाळपर्यंत लिहून द्या म्हणाल्या.

मी लिहून दिलं की ड्रॉइंग बरोबर आहे आणि चूक तिकडच्या वर्कशॉपची आहे. आता लगेच डोळे वटारू नकोस. ड्रॉइंग खरोखरच बरोबर आहे. शिवाय वर्कशॉपला काय फरक पडतो? मालक फार तर एक दिवस कुरकुरतील. माझी मात्र लॅबची जागा गेली असती. घाईघाईत तुमच्यातल्या कोणीतरी कागद उलटा वाचला असेल, तू तिथे लक्ष घालत नव्हतीस का?

बाकी क्षेम आहे. थोडं चुकलं असेल तर थोडंच रागाव.

तुझी
भिंगरी


५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

भांडारवाल्यांनी आज मला बोलावून तुझं पत्र दिलं. पेंढा आवरताना सापडलं म्हणाले. मी तिथेच एका खोक्यावर बसून ते दोनदा वाचलं.

आत्या, चूक तुझी नाही, माझी आहे. आपल्याकडे वस्तू उजवीकडून कशी दिसते ते चित्र कागदावर डावीकडे काढतात. इथे उजवीकडचं उजवीकडेच काढतात. कागद कोणत्या पद्धतीचा आहे ते सांगणारी एक चिमुकली खूण कोपऱ्यात असते. मला हे इथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुम्ही आपल्या पद्धतीने वाचणार हे मला माहीत होतं, आणि तपासणं म्हणजे नेमकं हेच पाहणं होतं. मी कोपरा पाहिलाच नाही, अकरा सह्या करून मोकळी झाले. आणि परवा बाईंनी विचारलं तेव्हा हे सगळं मला आठवलं होतं. आठवूनसुद्धा मी वर्कशॉपचं नाव लिहिलं. हे तुला सांगायची लाज वाटते.

उद्या सकाळी बाईंकडे जाते आहे. लोभ मागायला आज तोंड नाही.

भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं तीन तारखेचं पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

मला वाईट वाटलं, ते सरळच सांगते. पेंढ्यातलं पत्र तुझ्या हाती लागलं नाही, परीक्षेचं तुला माहीत नव्हतं, मान्य. पण मी तिथे नसते तरी मिलिंगवर कोणीतरी उभं असतंच ना? वर्कशॉप म्हणजे पाटी नव्हे. त्या पाटीखाली आम्ही अकरा माणसं आहोत. तुला हे कोणी सांगायला लागावं, याचा मला जास्त त्रास झाला.

आता माझं ऐक. मी ड्रॉइंग पुन्हा काढून पाहिलं. कोपऱ्यात ती खूण आहे. आणि भिंगरे, मी ती तेव्हाही पाहिली होती. लेखी परीक्षेच्या पुस्तकात तशी खूण होती, तिचा अर्थ मात्र पक्का आठवेना. शंका आली. बावीस वर्षांत शंका आली आणि मी न विचारता लोखंडाला हत्यार लावलं, असं एकदाही झालेलं नाही. मालक मला ‘विचारणारी बाई’ म्हणतात, तुला ठाऊक आहे. पण ही परीक्षा होती. वाटलं, विचारलं तर म्हणतील, हिला एवढंही येत नाही आणि निघाली इंजिनिअर व्हायला. खाली तुझी सही होती. गप्प बसले आणि आठही ब्रॅकेट कापले.

म्हणून काल आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन लिहून दिलं की खूण दिसूनही मी विचारलं नाही, चूक माझी. त्यांनी कागद तुमच्या बाईंना ईमेलने लगेच पाठवतो म्हटलं. जागा गेली असं समजूनच चालले आहे. आठवडाभर जरा सुनं वाटेल, मग कामाला लागेन.

अबोला धरणाऱ्यातली मी नाही. पत्र नेहमीसारखं येऊ दे.

तुझी
आत्या


३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच तुझा कागद बाईंच्या टेबलावर पोचला होता. त्याच्या शेजारी माझा. त्यांनी दोन्ही माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या की पंचवीस वर्षांच्या नोकरीत चूक ढकलणारे पुष्कळ पाहिले, ओढून घेणारे एकदम दोन पहिल्यांदाच पाहते आहे. मग विचारलं, तुमचं नातं काय? मी सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले.

माझा निकाल आधी ऐक. लॅबची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पंपाच्या कामात मला काठावरचे गुण आहेत. मी रडले, पण हे वाजवी आहे हे रडतानाही कळत होतं. सही करणाऱ्याने आधी वाचायचं असतं.

तुझं असं ठरलं. बाईंनी ब्रॅकेट स्वतः मोजले. माप तंतोतंत आहे, चुकलेला कान धरूनसुद्धा. पण न विचारणं ही त्यांच्या मते कामातलीच चूक आहे, म्हणून गुण देत नाहीत. आठ ब्रॅकेट पुन्हा बनवायचे आणि एप्रिल संपायच्या आत पाठवायचे. ड्रॉइंग तेच. मात्र या वेळी शंकांची यादी लेखी पाठवायची, आणि एकही शंका नसेल तर पेटी उघडणार नाही असं म्हणाल्या. आत्या, विचार गं. वाट्टेल ते विचार.

बाबांना तू सांगतेस की मी सांगू? तू जे म्हणशील ते. माझ्यावरचा विश्वास हळूहळू परत कर, एकदम नको.

तुझी
भिंगरी


१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जूनपासून पत्र नाही म्हणून तू दादाच्या फोनवर तक्रार केलीस, ती बरोबर आहे. सतरा शंका पाठवल्या, ब्रॅकेट पाठवले, निकाल लागला, जागा मिळाली, आणि मग कशाला म्हणून सवड नाही. दिवसा मशीन, संध्याकाळी बारावीच्या गणिताची उजळणी. दादाला सांगितलं तेव्हा त्याने आधी विचारलं की मग ज्यादा पाळीचे पैसे कुठे आहेत. मग उठून आरामखुर्ची तुझ्या खोलीबाहेर काढली आणि म्हणाला, अभ्यासाला ही खोली घे. तुझ्या टेबलावर बसूनच लिहिते आहे.

परवा पहिला वर्ग झाला. मी दारातून आत गेले तशी तीस मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायला आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कोणी हसलं नाही, पण सगळी वळून वळून पाहत होती. कान तापले. बेचाळीस वर्षांची बाई, पोरांच्या बाकात गुडघे मावत नाहीत, आपण हे काय करून बसलो असं झालं.

सरांनी बलांचं काहीतरी फळ्यावर मांडलं, भराभर पुसलं आणि पुढे गेले. मला कळलं नाही. शेजारच्या मुलीने मान डोलावली, पुढच्यांनीही डोलावली. मीही डोलावणार होते. वर्गात एक मीच ठोंब निघाले तर, असं मनात आलं.

मग हात वर केला. उभी राहिले आणि म्हटलं, सर, मला हे समजलं नाही, पुन्हा सांगाल का? आवाज वर्कशॉपमधला, मशीनवरून ऐकू जाणारा. सगळा वर्ग दचकला. सरांनी खडू घेतला आणि पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली. मी वही उघडली, तर आजूबाजूला वह्यांची पानं सळसळली. पाहिलं, तर तीसच्या तीस मुलं खाली मान घालून लिहून घेत होती.

लोभ आहे तो आहेच. तू आपला अभ्यास कर, मी माझा करते.

तुझी
आत्या