तळाची कडी

३ फेब्रुवारी, सीवूड्स

या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: संघप्रियेच्या मोटरबोटीत पाणी शिरते ते माणसांच्या हलगर्जीपणामुळे, अन्य कोणत्याही कारणाने नव्हे.

आज नांदेडहून लेकीकडे पोहोचलो. तिच्या खिडकीतून खाडी दिसते, खाडीवर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा. मन प्रसन्न झाले. संघप्रियेने नोकरी सोडून दिवाळे गावातल्या गोजराबाई कोळिणीची जुनी लाकडी बोट घेतली आहे. सोळा तारखेच्या रविवारी ती पर्यटकांना पक्षी दाखवायला पहिली फेरी नेणार. बोट गळते. गोजराबाईंच्या मते, खाडीत ‘ती’ आहे आणि तिला सांभाळून राहावे लागते. संघप्रिया हे हसत सांगत होती. मला हसू आले नाही. आमच्या घरात भूतखेत वर्ज्य आहे. तर्कशास्त्राचा प्राध्यापक होण्यापूर्वी मी गिरणीत पंपांचा फिटर होतो. गळती मी थांबवीन.

५ फेब्रुवारी

कारण सापडले. इंजिनापासून निघालेला शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर, पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो. तो जिथून बाहेर पडतो तिथे एक पितळी डबी असते. चरबी चोळलेल्या जाड दोरीच्या कड्या शाफ्टभोवती गुंडाळून त्या डबीत ठासतात आणि वरून नट आवळतात. हे पॅकिंग. शाफ्ट फिरताना तिथून थेंब थेंब पाणी यावे, म्हणजे तो तापत नाही. येथे धार लागली होती.

धक्क्यावरचा मेकॅनिक मानसिंग दरवर्षी जुन्या कड्या न काढता वर एक नवी ठोकून देत आला आहे. जाब विचारला तर म्हणतो, सर, बोट हाय ती, थर्मास नाय, थोडं पानी प्यायचंच. वर सांगतो की तळाची कडी काढायची नाही, गोजरामावशीची शपथ आहे. अज्ञानाला शपथेचे आवरण!

८ फेब्रुवारी

ओहोटीला बोट गाळावर बसली, तेव्हा आकडीने सर्व कड्या उपसल्या. वरच्या कड्या कुजक्या दोरीच्या होत्या. तळाची दोरीची नव्हतीच. ती केसांची होती. करड्या, लांब केसांची घट्ट वेणी, चरबीत मळलेली.

गोजराबाई धक्क्यावरून पाहत होत्या, त्या चिखल तुडवत आल्या. बोटीच्या घरातल्या बाईचा केस तळाशी घालायचा, ही त्यांच्या घराची रीत. सून नाही, लेक नाही, म्हणून बोट विकली. पण स्वतःची कडी आत राहू दिली. म्हणाल्या, “मास्तर, तिला माजा केस वलखीचा हाय. तो लागला का ती थांबते. नवी दोरी घाल, पन माजी कडी ठेव.”

मी ती कडी त्यांच्या देखत खाडीत भिरकावली. सुशिक्षित मुलीच्या गळ्यात ही घाण मारून पुन्हा उपकाराची भाषा! त्या रडल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. फक्त विचारले, घरात बाईमाणूस कोन हाय तुज्या?

९ फेब्रुवारी

नव्या कड्या तिरप्या कापून, सांध्यावर सांधा येणार नाही अशा बसवल्या. भरतीला इंजिन चालवून पाहिले. एक थेंब नाही. मानसिंग म्हणाला, सर, तुमी तर आमची दुकानं बंद कराल.

मला मात्र हे पटले नाही. कोरडा शाफ्ट फिरला की डबीला हात लावता येऊ नये. मी हात लावला. ती बर्फासारखी गार होती.

१२ फेब्रुवारी

बोट तरंगत असताना नट उघडला. मानसिंग पंप घेऊन ओरडत होता की बुडवता काय सर. पाण्याखालचे भोक उघडे पडले, आणि पाणी आत आले नाही. मानसिंगने पंप खाली ठेवला. तो धक्क्यावर चढून गेला तो परतला नाही.

माझे पॅकिंग आत नव्हते. आकडीला केस लागले. मेंदीने तांबूस झालेले, ओले, वळलेले.

तडक गोजराबाईंचे दार ठोठावले. माझ्या लेकीच्या फणीतले केस चोरून बोटीत घालणे हा गुन्हा आहे, असे सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. त्यांनी केस हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, “फनीतला नाय ह्यो. घरी जा आनि पोरीची येनी बघ.”

१३ फेब्रुवारी

संघप्रियेची वेणी कमरेखाली होती. आता कमरेच्या वर आहे. टोक ओले, त्याला गाळाचा वास. ती म्हणते, पाणी खराब आहे, केस तुटतात, बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

फेरी रद्द कर म्हणालो. तिने कारण विचारले. आयुष्यभर पुरावा द्या म्हणत आलात, ती म्हणाली, आता द्या. तिचे बरोबर आहे. म्हणूनच राग आवरत नाही — तिच्यावर, गोजराबाईंवर, त्या डबीवर.

१५ फेब्रुवारी

वेणी खांद्यापर्यंत. उशी ओली. ती खोकली, खारे पाणी पडले. तरीही उद्या जाणारच म्हणते — लोकांना शब्द दिला आहे —

गोजराबाईंकडे गेलो. हात जोडले. माझ्या हातांनी जोडले. त्या म्हणाल्या, आता तिला माजा नको. नवा चाखलाय.

१६ फेब्रुवारी

सकाळीच बोटीवर आलो. संघप्रिया पोहोचण्याआधी दोर सोडला. ओहोटी आहे. बोट धक्क्यापासून दूर चालली आहे. उत्तम.

बोट बुडवायला डबीचा नट उघडला. पाणी नाही. आत काहीतरी भोकाला तोंड लावून —

इंजिन बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. शाफ्ट फिरतो आहे.

बोट उलटी चालली. धक्क्याकडे. ओहोटीच्या विरुद्ध. संघप्रिया धक्क्यावर उभी, पर्यटक मागे. हात हलवते आहे. ओरडलो. तिला वाटते मीच बोट आणतो आहे —

खाडीचे पाणी आत घेऊन इंजिन थंड करणारी रबरी नळी सुरीने कापली. हे भोक त्या खाडीतलीने धरलेले नाही. पाणी आत येते आहे. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. ये. ये लवकर.

शाफ्ट मंदावला. बोट पोहोचणार नाही.

वही पिशवीत घालून लाइफ जॅकेटला बांधतो. संघप्रिये, पुरावा मागितला होतास. दुसरी बोट घेऊ नकोस. घेतलीस तर —

भोकातून केस येत आहेत. करडे, काळे, तांबूस. कितीतरी बायकांचे. त्यांच्यामागून बोटे —

चूक एकच. पॅकिंग पाण्याला अडवण्यासाठी असते, तिला नव्हे, हे मी तपासले नाही, गृहीत धरले. ही चूक माझी, मला मान्य आहे.

— प्रा. गंगाराम सोन—