आईकडून आलेलं

सौसर,
१३ ऑगस्ट २०२५

चि. वैशाली,

आशीर्वाद. माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या अश्विनीकडून लिहून घेतला. एवढा लबाडपणा पोटात घाल. फोनवर तू मला केव्हाच बंद करून टाकलंस, आणि बरंच केलंस.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे. यंदा संत्री बरी धरली आहेत. ह्यांची बदली पुन्हा टळली. मी अजून अकरावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात पेशीचा पाठ होता. पोरांना मी पेशी म्हणजे एक घर असं सांगते. केंद्रकात घरची कागदपत्रं, रायबोसोम स्वयंपाक करणारे, गॉल्जी डबे भरून पाठवणारी, लायसोसोम केरकचरा काढणारे, आणि तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, घरची वीज. बावीस वर्षं हे फळ्यावर काढते आणि एक ओळ नेहमी घाईत उरकते, कारण ती परीक्षेत विचारत नाहीत. तंतुकणिकेचं स्वतःचं वेगळं डीएनए असतं आणि ते फक्त आईकडून येतं. बापाकडून काही नाही. यंदा त्या ओळीपाशी माझा खडू थांबला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तब्येत बिघडली का तुमची?"

सरळच सांगते. आमच्या वैभवचे डोळे गेले.

तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आता एकवीसचा आहे. मे महिन्यात डावा डोळा गेला, जुलैत उजवा. दुखलं नाही, लाल झाला नाही, पाणी आलं नाही. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे पाहावं तेवढंच दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि जुलैअखेर रिपोर्ट आला. दोष तंतुकणिकेत आहे. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला वीज फार लागते. ती कमी पडली की नस वाळू लागते. डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला असं झालं आहे का?" मी म्हटलं, "भावाला. पण त्याला गोटा लागला होता." बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. वर्गात शहाणपण शिकवायचं आणि दिव्याखाली अंधार, तसं झालं.

आता ते लिहिते, जे लिहायला नको म्हणून संत्र्यांच्या गोष्टी केल्या.

एकोणीस वर्षांपूर्वी तू आपल्या आईला न विचारता सावरगावात लग्न केलंस, त्याला तीनच महिने झाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही गावं काठांवरून एकमेकांवर दगड फेकत होती. आपला प्रफुल्ल पांढुर्ण्याच्या काठावर, तुझे वीरेंद्रराव जाम नदीच्या पलीकडे. प्रफुल्लच्या भुवईवर गोटा बसला, आणि दिवाळीपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. आईला मी सांगितलं, "गोटा वीरेंद्रनंच मारला. म्या पाह्यलं माह्या डोळ्यानं." मी पाहिलं नव्हतं. हजारो माणसं आणि हवेत गोटेच गोटे, कुणाला काय दिसणार? तुझ्यावर राग होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेवढ्या एका वाक्यानं तुझं माहेर बंद झालं. आई गेली तेव्हाही प्रफुल्लनं तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, आणि मी आत भिंतीला टेकून ऐकत होते.

याहून वाईट पुढे आहे. पोळ्याच्या आठ दिवस आधी प्रफुल्ल बैलाची शिंगं रंगवत होता. ब्रश शिंगावरून घसरून बैलाच्या कपाळावर जात होता. मी हसले, तर म्हणाला, "ताई, मले मधातलं दिसून नाही राहिलं." गोटा लागायच्या आठ दिवस आधी, वैशाली. हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विसरले नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही.

परवाच्या राखीला पांढुर्ण्याला गेले. राखी बांधली आणि त्याला सगळं सांगून टाकलं. तो खाटेवर राखीची गाठ चाचपत बसला.

"मलेबी आठवते," म्हणाला.

"मंग बोलला काहून नाहीस?"

"का बोलू? गोटमारीत डोळे गेले म्हटलं का लोक उठून जागा देतात. आपोआप गेले म्हटलं असतं, तं म्हणले असते, यानं काई पाप केलं असन."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही दोघांनी मिळून. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण कोणत्या तोंडानं चिडणार? निघताना त्यानं हळूच विचारलं, "वैशूचं पोरगं केवढं झालं आता?"

त्याच्या प्रश्नानं मी घाबरले. पण तरीही लिहिलं नसतं कदाचित. काल मंगळवार, म्हणून जामसांवलीला गेले. जीवशास्त्राची बाई मारुतीला नवस बोलायला, हस तू. तिथे नारळाच्या दुकानापुढे पोरांचा घोळका होता. कुणीतरी "प्रणय" म्हणून हाक मारली, आणि वळलेल्या पोराला तुझंच नाक होतं. त्यानं नारळाकडे पाहताना मान वाकडी केली, कोंबडी दाणा पाहते तशी. प्रफुल्ल अशीच करायचा. वैभव आता अशीच करतो. सोबतचा म्हणाला, "अबे, नारळ इथी आहे, तिकडे का पाहून राहिला?" सगळे हसले, तोही हसला. तोंडात तंबाखूचा खर्रा होता. यंदा गोटमारीत नदीतला झेंडा आपणच तोडणार, असं सांगत होता. त्याला हाक न मारताच मी परत फिरले.

मला भास झाला असेल. देव करो आणि तसंच असो. हे सगळ्यांना होत नाही. पोरींना क्वचितच होतं, पोरांमध्ये साधारण निम्म्यांना. पण आईकडून ते आपल्या तिघांत आलं, आणि तुझ्याकडून तुझ्या दोन्ही लेकरांत, तृप्तीत आणि प्रणयमध्ये, गेलंच आहे. यात तुझा दोष नाही, आईचाही नाही. वीरेंद्ररावांचा तर कधीच नव्हता. हे त्यांना वाचून दाखव.

त्याचा खर्रा आजपासून बंद कर, दारूचा थेंब नको. त्यानं नस लवकर जाते. गोटमारीला अवघे दहा दिवस उरलेत, त्याला नदीवर जाऊ देऊ नकोस, पाया पडते तुझ्या. समोरून येणारा गोटा त्याला दिसायचा नाही. आणि उद्या काही झालं तर सावरगाव पांढुर्ण्यात कुणाचा तरी पोरगा शोधेल, जसा आम्ही शोधला. डॉक्टरांचं नाव आणि वैभवच्या रिपोर्टची नक्कल सोबत आहे. औषध आहे. हमी कुणी देत नाही, पण जितकं लवकर तितकं बरं, एवढं म्हणाले.

त्याला दिसतं का असं विचारू नकोस, "हाव, दिसते" म्हणेल. वैभवनं तीन आठवडे लपवलं. त्यापेक्षा त्याला उजेडात समोर बसव, एका डोळ्यावर हात ठेवायला सांग, आणि तुझ्या कपाळाकडे पाहायला लाव. कुंकवाचा रंग विचार. मग दुसरा डोळा झाकायला सांग आणि पुन्हा विचार. मे महिन्यात वैभव सुट्टीत घरी आला होता. दारातच उजव्या डोळ्यातला घाम पुसता पुसता म्हणाला, "आई, आज काळी टिकली काहून लावली?" मी लालच लावली होती. त्याला म्हटलं, उन्हातून आलास, पाणी पी.

माफी मागत नाही, ती मागायला हे पत्र पुरायचं नाही. वाचून झालं की उठ आणि त्याला हाक मार.

ताई म्हणवून घ्यायची हिंमत नाही, म्हणून नुसती,
उर्मिला