एक उत्तर कमी

१३ जानेवारी, सोमवार

चाललं! मी बनवलेलं ‘मनातलं’ ॲप कुठेही न अडखळता चाललं.

आमची टीम आपापल्या घरून काम करते. समोरासमोर कुरकुरायची सोय नाही. म्हणून हे — दर आठवड्याला सगळ्यांना एकच प्रश्न: ‘काय बोलायचं राहून गेलं?’ लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. मलाही नाही. आणि शेवटचं उत्तर येईपर्यंत एकही उघडत नाही, नाहीतर उशिरा लिहिणारा ओळखू येतो. ही कल्पना माझी. मला आवडली आहे.

श्रीनिवास सर (खराडीच्या ऑफिसात जाणारे ते एकटेच) म्हणाले, “शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आपल्या टीमची उत्तरं उघडून दाखवा. मग सगळ्या कंपनीला देऊ.”

शुक्रवारीच बंगळुरूच्या कंपनीलाही हो की नाही ते कळवायचंय. तिथली नोकरी मोठी आहे. इथे कोणाला बोलले नाही. ठरल्याशिवाय काय बोलायचं?

१४ जानेवारी, मंगळवार

टीममधला आमोद: “मला कशाला नाव लपवायला हवंय? मी तोंडावर बोलतो.” मागे त्याच्या धायरीच्या घरातला कुकर. नेहमीप्रमाणे.

थोड्या वेळाने उत्तरांचा आकडा एकाने वाढला!

१५ जानेवारी, बुधवार

सहा जणांपैकी पाच उत्तरं आली. उद्या होईल.

१६ जानेवारी, गुरुवार

पाचच.

सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, भरलं. साताऱ्याहून उत्कर्षा चिडली — “अगं सुमय्या, भरलं म्हटलं ना! आता शपथ घेऊ?”

म्हणजे मोजणीत चूक. दिवसभर कोड तपासला. एकेक ओळ. अम्मी दारातून म्हणाली, “खाना ठंडा हो गया.” गेले नाही. चूक सापडली नाही. मोजणी बरोबर आहे.

शेवटी ग्रुपवर लिहिलं, कोणीतरी खोटं बोलतंय.

आमोदचं उत्तर लगेच: “मॅडम, आपण भरलंत का?”

प्रश्न कोणाकोणाला जातो, ती यादी उघडली. सहावं नाव माझं. मीच घातलेलं!

‘माझं कशाला? मी तर बनवलंय,’ असं टाइप केलं. पुसलं.

१७ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

प्रश्न वाचला. चांगला प्रश्न आहे. फार चांगला. दोन वेळा लॅपटॉप मिटला.

बंगळुरूत कुकर ऐकू येणार नाही.

आधी त्यांना मेल केली. मग उत्तर भरलं. सहापैकी सहा.

१७ जानेवारी, संध्याकाळ

उघडली! एकाने कुकरबद्दल माफी मागितलीय. याला नाव कशाला हवं! दुसरं — ‘सुमय्याने एकदा तरी कॅमेरा चालू करावा. ती खरंच आहे का, अशी शंका येते.’ सगळे हसले. मीही. माइक बंद होता.

मग शेवटचं आलं: ‘बंगळुरूच्या नोकरीला आज नाही म्हणून कळवलं. इथेच बरं वाटतं.’

सर म्हणाले, “कोणाचं ते विचारायचं नाही. नियम आहे.”

आमोदला कुठले नियम! “अरे, पण कोण चाललं होतं आपल्यातून?”

कॅमेरा चालू केला. माइकही.

“मी,” म्हटलं.