विहिरीजवळचं जायफळ

आये, विहिरीजवळचं तुझं जायफळ मी तोडलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच. तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायला बसलेय. येत असतं तर धीर झाला नसता. माझीही चौथीच झालेली, अक्षर वाकडंतिकडं येतंय, पण हे बोलून दाखवायला तोंड उरलेलं नाही.

सुरुवातीपासनं सांगते. तुझा जावई गेला. पाठोपाठ रस्ता रुंद करताना हातखंब्याची आमची चहा-वड्याची टपरी उठली. सकाळी होती, दुपारी नव्हती. पोरबाळ नाही, सासरचं कोणी 'ये' म्हणालं नाही. मग दोन पिशव्या आणि वड्यांची कढई घेऊन एसटीनं इथं आले. तुझ्यामागे वीस-बावीस वर्षं घर बंदच होतं. घर कसंतरी उभं होतं, पण माड-पोफळींचं आगर बघितलं नि मी पायरीवरच बसले. तुझ्या वेळी तिथं पडलेलं पान दिसायचं नाही. आता घाणेरी छातीला लागत होती, पोफळींवर वेली चढलेल्या, पाण्याचे पाट बुजलेले, कुंपणाचा गडगा जागोजागी ढासळून चिरे गवतात लोळत होते, नि माडांवर माकडांचं राज्य. दोन दिवस मी चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी राग आला. कोणाचा ते माहीत नाही. कोयता घेतला नि आत घुसले.

माझा स्वभाव तुला ठाऊक. तू म्हणायचीस, "हिला भाताला कढ यायच्या आधी पेज हवी." टपरीवर तर आणखीनच बिघडले. लहानपणी तू आगरात हाक मारायचीस तेव्हा मी पळून जायची, त्यामुळे झाडांतलं मला काही कळत नव्हतं. माझा हिशोब सरळ होता. कामाचं ते ठेवायचं, बिनकामाचं ते काढायचं. जायफळीची झाडं तीन. दोघींना फळं लटकलेली, पिवळट, गोल. तिसरं विहिरीजवळचं, सगळ्यांत उंच, हिरवंगार, नि त्याला एक फळ नाही. खाली सुक्या पानांच्या पातेऱ्यात हात घालून बघितलं, जुनं टरफलसुद्धा नाही. सावली तेवढी सगळी त्याची. मी बुंध्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हटलं, "फळ धरत नाहीस तर जागा कशाला अडवतंस?" नि कुऱ्हाड घातली. ते वाक्य माझं नव्हतं. पण त्या दिवशी ध्यानात आलं नाही.

मग आगर हळूहळू वळणावर आलं. मीही आले म्हणायला हरकत नाही. सकाळी पंप लावायचा, पाटात पाणी सोडायचं, नि ते एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाईपर्यंत फावडं धरून उभं राहायचं. पाण्याला घाई करता येत नाही, पाट फुटतो. दोनदा फोडला तेव्हा कळलं. टपरी गेल्यापासनं मला झोप नव्हती. पोफळीखालचं गवत काढायला लागले तशी यायला लागली. पडल्या पडल्या, जेवणाचं ताट तसंच ठेवून.

खालच्या आगरातली वयनी तुला आठवत असेल, तुझ्या वेळी ती नवी नवरी होती. आता नातवंडं झाली तिला. एका सकाळी ती, तिचा नवरा आणि वाडीतली आणखी चार माणसं न बोलावता आली नि माझा गडगा रचायला लागली. मी विचारलं, मजुरी काय द्यायची? तिचा नवरा, त्याला सगळे दादा म्हणतात, तो म्हणाला, "टपरीवाले, चहा कर. नि बिल नको आणू." चहा केला. एक घोट घेऊन तो म्हणतो, "ह्या चहाला हातखंब्यात लोक पैसे देत होते?" वयनी म्हणाली, "देत होते. परत येत नव्हते." सगळे हसले. मीही हसले. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा हसले असेन. त्या दिवशी चिरे उचलून हात सोलवटले, पण संध्याकाळी त्या गडग्यावर बसले तेव्हा वाटलं, आता मला इथनं कोणी उठवणार नाही.

पाऊस सरल्यावर एकदा बघते तर त्या तोडलेल्या बुंध्यावर कोणीतरी झाप आडवा टाकलेला. तोच, झावळीचा विणलेला, उन्हाला लावतात तो. मी गडग्यावरनं ओरडले, "वयनी, तुझा कचरा माझ्या आगरात कशाला?" ती धुणं वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही. "राहूदे गो, वाऱ्यानं उडून आला असंल." ओला झाप काय वाऱ्यानं उडतो? पण मला घाई होती. मी गेले.

त्या पावसाळ्यात जायफळं चांगली मिळाली, ती आधीच धरलेली होती. यंदा मात्र काही नाही. फुलं येतात, गळतात, संपलं. मी दादाला गाठलं. म्हटलं, "कसलं औषध मारू?"

"औषध कसलं मारतेस," तो म्हणाला, "नवराच नाय तर पोरं कुठची?"

मला वाटलं माझीच चेष्टा करतोय. मी चिडले. मग त्याचं तोंड बघितलं, तो हसत नव्हता. विहिरीकडे हात करून म्हणाला, "तो नर होता. नराला फळ नाय धरत. वाडीत तेवढा एकच होता. तुझ्या दोघी नि आमच्या चौघी, सगळ्या त्याच्यावर."

आये, मी त्यांच्या झाडांकडे बघितलं. चारही रिकामी. वयनीची दिवाळी त्या जायफळ-जायपत्रीवर व्हायची. मी विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

"कुऱ्हाडीचा आवाज काय मुंबईक जातो?"

"मग बोलला का नाही?"

उत्तर वयनीनं दिलं. ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलीच नव्हती. "आवाज आला तशी मी धावत आलेले. तोवर तो आडवा झालेला. पडलेल्या झाडावर काय बोलायचं? नि तू कशी होतीस तेव्हा, आठव. दोन दिवस तुझ्या घरातनं धूर नाय. बोलले असते तर तशीच पिशव्या उचलून गेली असतीस."

म्हणजे माझा गडगा रचायला ही माणसं आली तेव्हा त्यांना ठाऊक होतं, की पुढच्या वर्षी आपली झाडं रिकामी राहणार. तरी चिरे उचलले. चहाला नावं ठेवली. मी विहिरीपाशी गेले नि तो झाप उचलला. खाली बुंध्याला फुटवा आलेला, वीतभर, चार पानांचा. माती ओली. माझ्या पाटाचं पाणी तिथं येत नाही. वयनी तिच्या बाजूनं गडग्यावरनं कळशी ओतत होती, नि मी तिला कचरा म्हणाले होते. फुलायला आता किती वर्षं जातील कोण जाणे. तेवढी वर्षं त्या बाईसमोरनं रोज पाणी भरायला जायचं आहे मला.

परवा नवान्न पौर्णिमा झाली. मी दाराला लावायचं नवं बांधायला घेतलं, भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, नि तू आठवलीस. माझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, मी सणाला आलेले. तू अशीच एक जुडी माझ्या हातात देतेस नि म्हणतेस, "दाराला मागाहून. आधी विहिरीजवळच्या जायफळाला बांध." मी फणकारते, "त्याला कशाला? ते काय देतं?" तू म्हणतेस, "बांध म्हटलं ना." मी जाऊन कशीतरी गाठ मारून येते. तू चुलीतलं लाकूड मागेपुढे करतेस नि माझ्याकडे न बघता विचारतेस, "सासरी काय बोलतात काय गो तुला?"

मी म्हणाले, "काय नाय. तुझं आपलं कायतरी."

तर परवा मीही पहिली जुडी तिकडेच नेली. फुटवा इतका बारीक की बांधली तशी वाकला. मग सोडली नि बुंध्याशी मातीत टेकवून ठेवली. वर बघते तर वयनी गडग्यावरनं बघतेय. म्हटलं, "वाऱ्यानं उडून आलं." ती हसली नि तिची कळशी माझ्या हातात दिली.

आये, बोलायची गो. सासू बोलायची, उठता-बसता. मी झाडाला बोलले तेच. तुला काय नाय म्हटलं, ते खोटं होतं.