पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम

१० फेब्रुवारी १९९७, बारामती
अनुप दिवसभर धड बोलला नाही. प्रोग्रॅम त्याचा, चुका काढणारी मी – दुसरं काय होणार! काम अंथुर्ण्याच्या पाणी संस्थेचं. कोणाच्या रानाला पाटाचं पाणी कधी, ते कॉम्प्युटरने छापून द्यायचं. आज मी मुद्दाम एकाच नावाचे दोन शेतकरी घातले. छापून एकच आला. म्हणजे दुसऱ्याचं रान कोरडं!
"असं कुठं असतंय व्हय?" अनुप.
गावात असतंच की.

११ फेब्रुवारी
आमच्या साहेबांना, नागेशसरांना म्हटलं, प्रोग्रॅमचं रविवारचं उद्घाटन पुढे ढकला. "तेजश्री, पाहुणे सांगून झालेत. मागाहून दुरुस्त करू." मागाहून – म्हणजे पीक वाळल्यावर? तपासणीच्या कागदावर सही केली नाही.

१६ फेब्रुवारी
उद्घाटन झालं नाही. सर माझ्याकडे बघतही नाहीत. संस्थेचे जोतीरामआबा मात्र फोनवर म्हणाले, "आदी सांगितलंस ते बरं केलंस, पोरी."

६ मार्च
उलटंसुलटं सगळं घालून बघितलं. एकही चूक नाही. सही केली. अनुपने चहा पाजला – अबोला संपला!

२ एप्रिल
अंथुर्ण्याहून एक बाई एसटीने ऑफिसात आल्या. सारजाबाई. नवरा वारलेला. जमीन दिराच्या नावावर, पण वाटणी तोंडी झालेली; आपला तुकडा त्या स्वतः कसतात. पाटावरचा माणूस आजवर त्यांना वेगळं पाणी सोडायचा. आता तो छापील कागद दाखवतो. कागदावर फक्त दीर. दीर स्वतःचं भिजवून मोकळा.
"वांगी गेली समदी. ताई, मशिनीला सांगा की, मी बी हाय म्हनून."
सर म्हणाले, "संस्थेने दिली तीच नावं आपण घातली. प्रोग्रॅम बरोबर आहे."
बरोबर आहे. तेच सलतंय. एवढं तपासलं, पण कागदावर नसलेल्या माणसाचा विचार माझ्याही मनात आला नाही.

४ एप्रिल
अंथुर्ण्याला गेले. आबांना म्हटलं, पुढची पाळी छापायच्या आधी नावं चावडीवर मोठ्याने वाचा. ज्याचं राहिलं असेल, त्याला बोलू द्या.
"भाऊबंदकी उकरायची हाय का तुला?"
मी उठले नाही. शेवटी आबा म्हणाले,
"बरं. वाचू."

७ एप्रिल
चावडीवर नावं वाचून झाली. आबांनी विचारलं, "कुनाचं ऱ्हायलंय?" सारजाबाई उभ्या राहिल्या. मग त्यांच्या शेजारची. मग तिच्या मागची. मग बायांची अख्खी ओळ.